गच्चीवर तपासलेला तरंगता ओटा

मला पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची हकिगत ऐकताना लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. पोहता न येणारी, समुद्र फक्त सहलीत पाहिलेली मी पुण्यात बसून काही वर्षं परदेशी श्रीमंतांच्या बोटींसाठी पाण्यावरची खेळणी डिझाइन करत होते. हवा भरून फुगवायची घसरगुंडी, तरंगती खुर्ची, तरंगता ओटा असला माल. माझ्या मावशीला मी काय काम करते ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती सगळ्यांना सांगायची, पोरगी फुग्यांच्या कंपनीत आहे.

ऑफिस वारज्याला, एका पिठाच्या गिरणीच्या वर. दोन खोल्या, चार संगणक आणि एक साहेब. गिरणी सुरू झाली की स्क्रीनवरच्या रेघा थरथरायच्या, म्हणून बारीक काम आम्ही गिरणी बंद असताना करायचो. आधी आम्ही दुचाकींच्या मडगार्डांचे ब्रॅकेट काढत होतो. मग परदेशातलं काम पुण्याकडे वळायला लागलं, आणि ज्याला संगणकावर रेघ मारता येते त्याचं नशीब उघडणार अशी हवा पसरली. साहेबांनी दिसेल त्या कंपनीला ईमेल पाठवायचा सपाटा लावला. युरोपातल्या एका कंपनीचं उत्तर आलं. त्यात बरेच प्रश्न होते आणि साहेबांनी सगळ्यांना 'होय' असं उत्तर दिलं. पाण्यावरच्या कामाचा अनुभव आहे का, होय. आमचा पाण्याचा अनुभव म्हणजे आमच्या भागात ते एक दिवसाआड यायचं.

पहिलं काम ओट्याचं मिळालं. यॉट म्हणजे खाजगी ऐषारामी बोट. ती समुद्रात उभी राहिली की तिच्या मागे हा फुगीर ओटा बांधायचा, आणि बोटीवरच्या पाहुण्यांनी त्यावर लोळायचं, तिथूनच पाण्यात उडी मारायची. लांबीरुंदीला साधारण दोन डबल बेड शेजारी ठेवावेत एवढा, आणि जाडी वीतभर. त्या कंपनीतल्या एक बाई रोज आमची जेवणं झाली की फोन करायच्या. तिकडे तेव्हा सकाळ असायची. त्यांना रंगाचं, आकाराचं फारसं काही नव्हतं. त्यांची अट एकच होती, आणि ती त्या दर फोनला सांगायच्या: पाहुणा पाण्यात पडला तर कुणाच्याही मदतीशिवाय त्याला परत ओट्यावर चढता आलं पाहिजे.

पाहुणा म्हटल्यावर आमची डोकी भलतीकडेच चालायला लागली. पहिल्या ड्रॉइंगमध्ये आम्ही ओट्याच्या कडेला एक छोटा कप्पा दाखवला होता. हा कशासाठी, असं बाईंनी विचारलं. चपला काढून ठेवायला, असं मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, पाहुणे अनवाणीच येतात. मला ते जरा असंस्कृत वाटलं, पण कप्पा काढला.

नमुना वाघोलीच्या एका कारखान्यात करून घेतला. मालक मूळचे यवतमाळकडचे, जाहिरातीचे मोठे फुगे बनवायचे. आयुष्यभर वर जाणाऱ्या वस्तू बनवलेल्या माणसाला ही आडवी पडून राहणारी वस्तू फारशी पटत नव्हती. त्यांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, समदं बरोबर हाय, पण पाण्यातून वर चढन कसा माणूस?" मी त्यांना ओट्याच्या वरच्या बाजूला, काठापासून वीतभर आत दाखवलेल्या पट्ट्यांच्या मुठी दाखवल्या. जरा तोऱ्यातच दाखवल्या. ते "बरं" म्हणाले आणि कामाला लागले.

आता चाचणी. बाईंनी एक फॉर्म पाठवला होता. पाहुण्याला पाण्यातून वर यायला किती सेकंद लागले, पाण्यात चाचणी घेतली का, आणि खाली चाचणी घेणाऱ्याची सही. फॉर्म सोमवारी हवा होता, त्यावरून ते लगेच उत्पादन सुरू करणार होते. साहेबांनी विचारलं, पोहायचा पोशाख कुणाकडे आहे? कुणीच हात वर केला नाही. पोहता कुणाला येतं, हा प्रश्न त्यांनी शहाणपणाने विचारलाच नाही.

मग आम्ही इंजिनिअरिंग केलं. ओटा गच्चीवर नेऊन फुगवला आणि चार प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आडवा ठेवला. पाण्यात माणसाचं डोकं आणि खांदेच वर असतात, म्हणून मी गुडघे टेकून बसायचं, म्हणजे ओट्याची कड बरोबर छातीशी येते, असा हिशोब. मी सलवार-कमीज सावरून गुडघे टेकले, मुठी धरल्या आणि चढले. चौदा सेकंद. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. नेमकी त्याच वेळी खालच्या कुणीतरी मोटार लावून ठेवलेली असल्यामुळे गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली आणि आमचे पाय घोट्यापर्यंत भिजले.

फॉर्म भरताना 'पाण्यात चाचणी घेतली का' इथे माझं पेन अडलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, पाणी होतं की नव्हतं?"

पाणी होतं. मी 'होय' केलं, खाली सही ठोकली, आणि साहेबांनी फॉर्म लगेच पाठवून दिला.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. गोळ्यांचे नव्हे, पेट्यांचे. लाकडी पेटीला दोन्ही बाजूंना दोराचे कान असतात, ज्यांना धरून माणसं पेटी उचलतात. ते कान तपासणं हे बाबांचं काम. लॉटमधली पेटी एकाच कानावर टांगायची, हिसका द्यायचा, कान टिकला तर सही. न टांगता सही केलेली पेटी त्यांच्या सगळ्या नोकरीत एक नव्हती, आणि निवृत्त झाल्यावरही हातातली ती खोड गेली नाही. दुकानात पिशवी घेतली की हिसका. छत्री घेतली की हिसका. माझ्यासाठी एक स्थळ बघायला आम्ही गेलो तेव्हा मुलाकडच्या दिवाणखान्याच्या दाराची मूठ बाबांच्या हातात आली. ती त्यांनी टीपॉयवर नीट ठेवली आणि पोहे खाल्ले. ते स्थळ तिथेच फिसकटलं, आणि मला त्याचं आजवर वाईट वाटलेलं नाही.

आई गेल्यापासून खडकीच्या घरात आम्ही दोघंच होतो. त्या संध्याकाळी जेवताना मी फुशारकीने फॉर्मची झेरॉक्स दाखवली. परदेशी कंपनी, माझी सही, चौदा सेकंद. बाबांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"पाणी कमरेपर्यंत होतं की गळ्यापर्यंत?"

"घोट्यापर्यंत."

त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि ताकभात संपवला. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "सही मात्र सुंदर आहे तुझी."

एवढंच. पुढचे दोन दिवस या विषयावर अक्षर नाही. बाबा रागावले असते तर मी भांडले असते. माझी तयारी होती, मुद्देही काढून ठेवले होते. पण त्यांनी सहीचं कौतुक केलं, आणि त्यावर काय बोलणार? मला झोप लागेना. डोळे मिटले की कुणीतरी पाण्यात पडलेलं दिसायचं आणि त्याच्याजवळ माझा फॉर्म तरंगत असायचा. तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हटलं, ठीक आहे, चला पोहायच्या टँकवर. बाबांनी टेबलाच्या खणातून एक चिठ्ठी काढली. टँकच्या वेळा त्यांनी आधीच विचारून ठेवल्या होत्या.

पाहुणा आपण स्वतः होणार, असंही बाबांनी ठरवून टाकलेलं होतं. त्यांना विहिरीत पोहून सवय होती. शिवाय असल्या बोटी बाळगणारा माणूस तरुण कुठला असणार, पैसे जमेपर्यंत पोट सुटतंच, असं त्यांचं म्हणणं. बाबांचं पोट या कामाला अगदी साजेसं होतं. रविवारी दुपारी ते पोटभर जेवले. मी म्हटलं, बाबा, जेवून पाण्यात उतरू नये. ते म्हणाले, पाहुणा जेवलेलाच असतो.

अडचण वेगळीच निघाली. टँकवर बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी. दोघांनी एकत्र जायचं तर फक्त रविवारची फॅमिली बॅच. खिडकीत एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी आम्हाला चष्म्यावरून पाहिलं.

"आपण दोघं कोण?"

"वडील आणि मुलगी," बाबा म्हणाले.

"वडील फॅमिलीत बसत नाहीत. फॅमिली म्हणजे नवरा, बायको आणि मुलं."

दुसरा कुणी असता तर परत फिरला असता, किंवा भांडला असता. बाबा पाटीसमोर जाऊन उभे राहिले. पाटी बरीच मोठी होती. ती त्यांनी अगदी शेवटी लिहिलेल्या रंगाऱ्याच्या नावापर्यंत वाचली आणि परत खिडकीशी आले.

"इथे लिहिलंय, मुलांना पालकांशिवाय प्रवेश नाही. म्हणजे पालकांबरोबर आहे."

"आहे."

"मग मी पालक. हे मूल."

गृहस्थांनी मुलाकडे पाहिलं. मूल बत्तीस वर्षांचं होतं, त्याला चष्मा होता आणि त्याच्या खांद्यावर ओट्याची घडी असलेली गोणीएवढी पिशवी होती.

"मुलाचं वय?"

"पाटीवर वयाची अट नाही."

गृहस्थ उठले, बाहेर आले, आपलीच पाटी त्यांनी वाचली आणि परत आत जाऊन बसले. "पाटी जुनी आहे," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी पावती फाडली. पालक एक, मूल एक.

ती पावती हातात घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे उभ्या असलेल्या खऱ्याखुऱ्या मुलांच्या आया माझ्याकडे बघत होत्या. बाबा मात्र छान खुशीत होते.

ओटा फुगवून पाण्यावर टाकला. मी घड्याळ घेऊन वर बसले. ओटा जरा हलला तरी माझा जीव खालीवर होत होता, पण ते मी चेहऱ्यावर दाखवलं नाही. बाबा जुनी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून, कानावर एक पेन्सिल खोचून ओट्याच्या काठावर उभे राहिले. पेन्सिल मला देऊन ते पाहुण्यासारखे पडले, म्हणजे धप्पकन. खोल बाजूला. वर आले, तोंडावरचं पाणी पुसलं आणि मुठींसाठी हात लांबवले.

हात पुरले. मुठी धरल्या. मग ते वर यायला लागले तर त्यांचे पाय ओट्याच्या खाली शिरले. खुर्च्यांवरच्या ओट्याखाली गच्ची होती, तिला गुडघ्याने रेटा देता येत होता. इथे रेटा द्यायला काहीच नव्हतं. बाबा जेवढा जोर लावत तेवढे पाय पुढे जात आणि पोट काठाला चिकटून बसे. दुसऱ्या खेपेला तेच झालं. तिसऱ्या खेपेला ते जवळजवळ उताणे झाले. मला हसू आवरेना. चौदा सेकंद कधीच होऊन गेले होते.

"घड्याळ चालू ठेव," बाबा म्हणाले.

चौथ्या खेपेला मूठ सुटली आणि ते खाली गेले. फार वेळ नाही, दोन क्षण असतील. वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. माझ्या वडिलांचा चेहरा टोमण्याशिवाय मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि मी जन्मात घाबरले नव्हते एवढी घाबरले. घड्याळ पाण्यात गेलं. मी पालथी पडले आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरून ओढायला लागले. ते तसूभर वर येईनात.

"ओढू नकोस," ते धापा टाकत म्हणाले. "पाहुण्याला मदत नसते."

मग ते ओट्याच्या कडेकडेने हात सरकवत टँकच्या भिंतीपर्यंत गेले आणि पायरीवर बसले. बराच वेळ बसले. मी ओट्यावर तशीच पालथी रडत होते. ज्या कागदावर मी 'होय' लिहिलं होतं त्याच्या जोरावर असले कितीतरी ओटे समुद्रावर जाणार होते. तिथे कडेला भिंत नव्हती की पायरी नव्हती.

"लिही," बाबा म्हणाले. "नापास."

मला वाटलं संपलं. पण दम खाऊन झाल्यावर ते म्हणाले, सही कुणाची आहे? मग उतर. त्यांनी टँकवरची एक ट्यूब माझ्या काखेत अडकवली, एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हाताने माझा पोशाख पाठीमागून मुठीत धरला आणि सांगितलं की चढायचं वगैरे काही नाही, फक्त डोळे मिटून पडायचं आणि हात आपोआप कुठे जातो ते बघायचं. मी पडले. नाकातोंडात पाणी गेलं. मुठी कुठे आहेत हे मलाच ठाऊक होतं, कारण त्या मीच काढल्या होत्या, आणि तरी माझा हात मुठीकडे गेलाच नाही. तो ओट्याच्या बाजूला, पाण्याच्या अगदी लगत गेला आणि गुळगुळीत कापडावरून घसरला. तिथे धरायला काहीही नव्हतं.

"हात हलवू नकोस," बाबा म्हणाले. भिंत सोडून त्यांनी मी ओट्यावर ठेवलेली पेन्सिल घेतली. कारखान्यात पेट्यांवर खूण करायची पेन्सिल होती ती, ओली झाली की जांभळी उमटणारी. माझ्या बोटांपाशी त्यांनी एक जाड रेघ ओढली. "कान इथे पाहिजे. दमलेला माणूस वर हात करत नाही."

सोमवारी मी साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, ओटा चांगला आहे. तुमचे वडील जाड आहेत." मी म्हटलं, मी फोनवर खरं सांगणार. यावर ते खाली जाऊन गिरणीवाल्याशी बोलत उभे राहिले. आम्ही बुडालो तर निदान आपण कोरडे राहावं असा त्यांचा विचार असावा.

बाईंचा फोन आला. इंग्रजीत चार वाक्यं मी आधी कागदावर लिहून काढली होती, ती वाचली. चौदा सेकंद कसे आले, असं त्यांनी विचारलं. मी खुर्च्या सांगितल्या. टाकी वाहिली तेही सांगितलं. पलीकडून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं त्या रडताहेत, पण त्या हसत होत्या. मग हसणं एकदम थांबलं. त्या म्हणाल्या, रेघा मारणारे मला कुठेही मिळतात. मी तुमच्याकडून सही विकत घेत होते. हे उत्पादन सुरू झाल्यावर मला कळलं असतं तर तुमचं नाव पुन्हा ऐकून घेतलं नसतं. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, तुमच्या पाहुण्याचं वय किती? मी म्हटलं, अडुसष्ट. वजन? मी सांगितलं. पोट आहे? आहे, मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, त्यांना पुन्हा वेळ आहे का विचारा.

बाबांना वेळच वेळ होता. वाघोलीच्या मालकांनी बाजूला, पाण्यालगत दोराचे कान बसवले आणि पाण्याखाली जाणारी तीन पायऱ्यांची शिडी लावली. काम करताना ते मला काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. दर रविवारी आम्ही खिडकीशी जायचो, गृहस्थ न विचारता पावती फाडायचे, पालक एक, मूल एक. बाबा जेवून यायचे, पडायचे, नापास करायचे. पाचव्या नमुन्याला ते सरळ वर आले आणि ओट्यावर मांडी घालून बसले. त्यानंतर बाकीची खेळणीही तशीच तपासली गेली. निवृत्तीनंतर काय करता, असं कुणी विचारलं की बाबा सांगायचे, बोटीवर पाहुणा असतो.

पहिल्या नमुन्याच्या फोटोत ती जांभळी रेघ दिसत होती. बाईंना वाटलं आम्ही रंग सुचवतोय, म्हणून त्यांनी कान जांभळे केले. ते अजून जांभळेच असतात.

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. ते गेल्यानंतरच्या हिवाळ्यात एका नव्या ओट्याचं काम आलं. ऑफिस तोवर मोठं झालं होतं, पोहता येणारी मुलंमुली होती, त्यांनी नमुना तपासला आणि फॉर्म माझ्यापुढे सहीला ठेवला. माझं पेन परत तिथेच अडलं; पाहुण्यासारखं कुणी पडलं नव्हतं. रविवारी मी ओट्याची पिशवी खांद्याला लावली आणि टँकवर गेले. पोटभर जेवून गेले. खिडकीत तेच गृहस्थ, केस सगळे पांढरे झालेले.

"फॅमिली बॅच आहे," त्यांनी मान वर न करता सांगितलं. मग पिशवी पाहिली, मला पाहिलं. "पालक कुठे आहेत?"

"वारले," मी म्हटलं.

ते पावतीपुस्तकावर पेन धरून थांबले.

"मग कुणाची पावती फाडू?" त्यांनी हळू विचारलं. "मुलाची की मोठ्यांची?"

"मोठ्यांची द्या," मी म्हटलं, आणि चष्मा काढून त्यांच्याकडे ठेवायला दिला.